वरातीचा घोडा

वैशाख जवळ आला म्हणजे आमच्या अकोटात पंचांगाची जी उलथापालथ होते, ती वर्षाच्या इतर कोणत्याही महिन्यात होत नाही. मुहूर्त मोजके आणि लग्ने उदंड. त्यामुळे मंगल कार्यालय, आचारी, वाजंत्री, फेटे बांधणारा आणि अलीकडे छायाचित्रकार, या साऱ्यांच्या तिथी घरातील वडील मंडळी चार-चार महिने आधी पक्क्या करून ठेवतात. यादीच्या अगदी शेवटी, बहुधा एखाद्या धाकट्या काकाकडे सोपविलेले, एक काम उरते. "घोडा सांगितला का?" एवढा प्रश्न होतो, "सांगितला" असे उत्तर येते, आणि यादीवर रेघ मारली जाते. आचाऱ्याच्या हाताला चव आहे की नाही याची चौकशी तीन घरी होते. घोडा कोठला, किती वयाचा, त्या दिवशी त्यास आणखी किती वराती करावयाच्या आहेत, त्याने पाणी केव्हा प्यायले, ही चौकशी कोणत्याही घरी झाल्याचे आम्ही ऐकलेले नाही.

वऱ्हाडातील शेतकऱ्याची दैना सर्वांस ठाऊक असता घोड्याचे दुःख कसले घेऊन बसलात, असे कोणी म्हणेल. या आक्षेपात तथ्य नाही असे आम्ही म्हणत नाही. परंतु बैल राबतो तो शेतकऱ्याच्या भाकरीसाठी. त्या दोघांचे नशीब एकाच जुवाखाली आहे. वरातीचा घोडा राबतो तो आपल्या हौसेसाठी, तेही आपल्याच दारात आणि आपल्याच पैशाने. म्हणून त्याचा जाब विचारावयाचा झाल्यास तो दुसऱ्या कोणास विचारता येणार नाही.

भर वैशाखातील दुपारची वरात डोळ्यांपुढे आणावी. सातपुड्याच्या पायथ्याची ही भूमी. उन्हाळ्यात पारा पंचेचाळीस अंशांच्या घरात जातो, आणि डांबरी रस्ता तर हवेहूनही अधिक तापलेला असतो. नवरदेवाच्या डोक्यावर छत्री धरलेली असते, वऱ्हाडी मंडळींस जागोजाग सरबत मिळते. घोड्याच्या पाठीवर खोगीर, खोगिरावर जरीची झूल, झुलीवर नवरदेव आणि पुष्कळदा नवरदेवाच्या पुढ्यात एखादा पुतण्या. पुढे बँड किंवा ती छाती हादरविणारी ध्वनियंत्रांची गाडी, मागे फटाक्यांची माळ. घोड्याचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंस असल्यामुळे त्यास अगदी नाकासमोरचे आणि ठीक मागचे दिसत नाही. जे दिसत नाही त्याला भिऊन पळावे, ही त्याची लाखो वर्षांची शिकवण. येथे तर सगळा गोंगाट त्या न दिसणाऱ्या बाजूंनीच होत असतो आणि पळावयास जागा नसते. तो मान झटकतो, पाय आपटतो, तोंडातून फेस टाकतो. लोक म्हणतात, "घोडा रंगात आला!"

रंगात आणण्याची ती कला कशी साधतात, हे एकदा लगाम हाती घेऊन पाहावे. घोड्याचे पुढचे दात आणि दाढा यांच्यामध्ये हिरडीचा एक रिकामा पट्टा असतो. तेथे हाड आणि त्यावर पातळ कातडे एवढेच. लगामाची कडी बसते ती याच पट्ट्यावर. साधी कडीसुद्धा अडाणी हातात दुःख देते; मग त्या कडीस काटे असले तर काय होत असेल ते सांगावयास नको. नाचऱ्या घोड्यांच्या तोंडात असे काटेरी लगाम आजही आढळतात. नाच शिकविताना पाय बांधणे, ढोलाच्या ठेक्यावर चाबूक मारणे, म्हणजे पुढे नुसता ढोल वाजला तरी पाय आपोआप उचलले जातात. या शिक्षणाचे वर्णन अधिक करीत नाही, कारण हे मासिक घरातील मुलेही वाचतात.

घोड्याचा आणि आमच्या या भागाचा संबंध आजचा नव्हे. अकोटाहून फार लांब नसलेल्या अडगाव येथे २९ नोव्हेंबर १८०३ रोजी नागपूरकर भोसले व शिंदे यांच्या फौजेची आर्थर वेलस्लीशी लढाई झाली. दिवस मावळल्यावर इंग्रजी घोडदळाने मराठी फौजेचा चांदण्यात कित्येक मैल पाठलाग केला. त्या रात्री किती घोडी उर फुटून पडली असतील, याचा हिशेब कोण ठेवतो? त्याच्या दोनच महिने आधी, २३ सप्टेंबरला असईच्या रणात खुद्द वेलस्लीच्या मांडीखालचा एक घोडा ठार झाला आणि दुसरा, डायोमेड नावाचा, भाल्याने जखमी झाला. सेनापतीचा म्हणून त्या एका घोड्याचे नाव इतिहासात राहिले, एवढेच.

पुढे राज्ये गेली आणि घोडा टांग्यास जुंपला गेला. वऱ्हाडातील प्रत्येक गावी स्टेशनाबाहेर आणि बाजारात टांग्यांचा अड्डा असे. टांगेवाला फटकळ, घोडा हाडकुळा, आणि बसणारे सहाजण, हे चित्र आमच्या घरांतील वृद्ध मंडळी अजून सांगतात. तीनचाकी रिक्षा आल्या आणि अड्डे ओस पडले. देशभर हेच झाले आहे. २०१२ च्या पशुगणनेत घोडे व तट्टे मिळून सुमारे सव्वासहा लाख होती. २०१९ च्या गणनेत ती साडेतीन लाखांच्याही खाली आली. सात वर्षांत जवळजवळ निम्मी संख्या नाहीशी झाली. हा प्राणी पन्नास वर्षे जगणारा नव्हे हे खरे, परंतु चांगल्या निगराणीत पंचवीस-तीस वर्षे जगतो. जी एवढी घोडी कामावरून उतरली ती कोठे गेली, असे विचारणे प्राप्तच आहे. काही वरातींत गेली, काही थंड हवेच्या ठिकाणी प्रवाशांस पाठीवर घेऊ लागली, काही वीटभट्टीवर. आणि उरलेली रस्त्याच्या कडेस.

हे सर्व आपल्या धर्मात बसते काय, असा प्रश्न कोणी केला तर उत्तर द्रोणपर्वातच आहे. जयद्रथवधाचा दिवस, सूर्यास्तापूर्वी प्रतिज्ञा पुरी झाली नाही तर अर्जुनास अग्निप्रवेश करावयाचा. क्षणाक्षणाचे मोल असताना घोडे थकले, बाणांनी विद्ध झाले. तेव्हा ऐन रणात रथ थांबविला गेला. अर्जुन भूमीवर उतरून शत्रू थोपवीत राहिला, त्याने बाणाने जलाशय निर्माण केला, आणि श्रीकृष्णाने स्वहस्ते घोडे सोडून, त्यांच्या अंगातील बाण उपटून, त्यांस चोळून, पाणी पाजून, लोळू देऊन, मग पुन्हा जुंपले. गीता सांगणाऱ्या मुखाचे कौतुक आपण पुष्कळ करतो. खरारा करणाऱ्या त्या हातांचे फारसे करीत नाही. आपल्या वऱ्हाडात तर याहून जवळचे उदाहरण आहे. 'श्रीगजानन विजय' ग्रंथाचा नववा अध्याय पारायणात कोणी वाचला नाही? टाकळीकर गोविंदबुवांचा घोडा अतिशय द्वाड. साखळदंडाशिवाय आवरत नसे. गजानन महाराज त्याच्या चारी पायांमध्ये जाऊन निजले आणि घोडा शांत उभा राहिला. ज्यास चमत्कार मानावयाचा त्याने मानावा. घोड्याजवळ भीती न बाळगता आणि चाबूक न घेता गेल्यास तो निवळतो, हे मात्र कोणताही जुना मोतद्दार सांगेल.

आता कायद्याकडे वळू. प्राण्यांच्या क्लेशाविषयी इंग्रजी अमदानीत १८९० साली एक कायदा झाला होता. स्वातंत्र्यानंतर राज्यसभेत रुक्मिणीदेवी अरुंडेल यांनी खाजगी विधेयक आणले. पंडित नेहरूंनी सरकारतर्फे कायदा करण्याचे आश्वासन दिले, आणि त्यातून १९६० चा प्राणिक्लेश प्रतिबंधक कायदा जन्मास आला. नृत्यासाठी जिचे नाव जगभर झाले, त्याच बाई १९६२ मध्ये प्राणिकल्याण मंडळाच्या पहिल्या अध्यक्षा झाल्या. या कायद्याखाली १९६५ साली ओझ्याच्या व गाडीच्या जनावरांसंबंधी नियम झाले. ते नियम आमच्या वाचकांनी अवश्य पाहावेत, इतके ते साधे आणि शहाणपणाचे आहेत. जनावरास दिवसात एकूण नऊ तासांहून अधिक काम देऊ नये. सलग पाच तासांनंतर विसावा द्यावा. जेथे उष्णमान सदतीस अंशांच्या वर जाते तेथे दुपारी बारा ते तीन या वेळात त्यास कामास लावू नये. काटेरी लगाम किंवा टोचणी वापरू नये. खोगीर असे असावे, की त्याची कमान घोड्याच्या खांद्याच्या उंचवट्यावर घासता कामा नये.

सदतीस अंश! वऱ्हाडात फाल्गुन सरता सरताच पारा ही मर्यादा ओलांडतो आणि मृगाचा पाऊस पडेपर्यंत खाली येत नाही. याचा अर्थ असा, की अकोट, अकोला, अमरावती या मुलखात चैत्र-वैशाखातील दुपारची घोड्यावरची प्रत्येक वरात या नियमाच्या आड येते. नवरदेव हे ओझे नव्हे, असा युक्तिवाद एखादा वकील करीलही; घोड्याची पाठ तो मान्य करील असे वाटत नाही. नियम मोडल्यास दंड किती? मूळ कायद्यात पहिल्या गुन्ह्यास दहा रुपयांपासून पन्नास रुपयांपर्यंत दंड सांगितला आहे, आणि तो आजही तेवढाच आहे. १९६० साली पन्नास रुपये ही रक्कम होती. आज वरातीत ओवाळून टाकलेल्या नोटा वेचणारे पोर एका कोपऱ्यात तेवढे मिळविते.

मग सारा दोष घोडेवाल्यावर ढकलून मोकळे व्हावे काय? त्याचा जमाखर्च एकदा मांडून पाहिल्यास हात आखडता घ्यावा लागतो. देवशयनी एकादशीपासून चार महिने आपण लग्ने करीत नाही. पुढे पौष येतो, मध्येच गुरूचा किंवा शुक्राचा अस्त येतो. घोड्याचे पोट मात्र पंचांग पाहत नाही. तीनशे किलो वजनाच्या साधारण घोड्यास दिवसाला सहा-सात किलो वाळली वैरण लागते, शिवाय चंदी. पंचवीस-तीस लिटर पाणी, उन्हाळ्यात त्याहून अधिक. दर सहा ते आठ आठवड्यांनी नालबंद. ही वर्षभराची जोखीम घोडेवाल्याने पन्नास-साठ मुहूर्तांवर काढावयाची. म्हणून एका तिथीस तो तीन वराती घेतो. म्हणून वैशाखात घोडा उपाशी धावतो आणि श्रावणात उपाशी उभा राहतो. त्यातून कडबा महाग. पूर्वी वऱ्हाडात ज्वारी उदंड पिके. आता शेते कपाशी आणि सोयाबीनची झाली, माणसाची भाकर बाहेरून येऊ लागली आणि जनावराचा कडबाही. सोयाबीनचे कुटार बैल कसेबसे खातो, घोड्याचे पोट नाजूक. त्याचे जठर देहाच्या मानाने लहान; त्याने दिवसभर थोडे थोडे चरावे अशी त्याची घडण. त्यास ओकारी करता येत नाही. दोन दिवस उपाशी ठेवून तिसऱ्या दिवशी लग्नघरच्या उरलेल्या पोळ्या आणि बुंदी तोबऱ्यात भरली, की पोटशूळ उठतो आणि पुष्कळदा तोच त्याचा शेवट ठरतो. लग्नघरचे लोक ते प्रेमानेच भरवितात.

घोड्याचे आपल्यावर असलेले एक ऋण असे आहे, की ते बहुतेकांस ठाऊकच नसते. पावसाळ्यात निंदणीच्या दिवसांत शेतात साप चावला म्हणजे रोग्यास रुग्णालयात नेऊन जी लस टोचतात, ती घोड्याच्या रक्तातून निघते. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चारांचे विष अल्प प्रमाणात वाढवीत वाढवीत घोड्यास देतात. त्याच्या रक्तात प्रतिविष तयार होते, आणि ते काढून शुद्ध करून कुप्यांत भरतात. मुंबईच्या हाफकिन संस्थेच्या परंपरेत हे काम कित्येक दशके चालत आले आहे. सातपुड्याच्या कुशीतील किती कोरकू आणि कुणबी मायबापांची लेकरे त्या कुपीने वाचली असतील! शास्त्रज्ञ याला पर्याय शोधीत आहेत, परंतु सरसकट वापरता येईल असा पर्याय अद्याप हाती आलेला नाही. तोवर त्या घोड्यांस चांगली चंदी, मोकळे चरणे आणि रक्त देण्याच्या दोन वेळांमध्ये पुरेशी विश्रांती मिळावी, आणि काम संपल्यावर त्यांस लिलावात काढू नये, एवढे तरी आपण मागू शकतो. या घोड्याचे कष्ट आणि वरातीच्या घोड्याचे कष्ट एका तराजूत घालता येणार नाहीत, हे उघड आहे. पहिल्यावाचून माणूस मरतो. दुसऱ्यावाचून फक्त छायाचित्र जरा साधे येते.

हाच भेद मुंबईच्या उच्च न्यायालयाने केला. तेथील व्हिक्टोरिया गाड्या एके काळी वाहतुकीचे साधन होत्या. पुढे चौपाटीवर आणि गेटवेजवळ चांदीसारखा पत्रा ठोकलेल्या गाड्यांतून नुसती मौजेची सफर उरली. २०११ मध्ये दाखल झालेल्या जनहित याचिकेवर जून २०१५ मध्ये निकाल झाला. केवळ मौजेसाठी घोडे जुंपणे ही टाळता येण्याजोगी गोष्ट आहे असे ठरवून न्यायालयाने वर्षाच्या आत त्या गाड्या बंद करण्यास सांगितले. पण त्याचबरोबर गाडीवाल्यांचे आणि घोड्यांचे पुनर्वसन करण्याची जबाबदारी सरकारवर घातली. गाड्या हळूहळू गेल्या, मार्च २०२१ मध्ये त्याच धाटणीच्या विजेच्या गाड्याही आल्या. पुनर्वसन मात्र वर्षानुवर्षे रेंगाळले. नुसती बंदी घातली की घोडा सुटतो असे ज्यांस वाटते त्यांनी हे ध्यानात ठेवावे. बंदीच्या दुसऱ्या दिवशीही त्यास सहा किलो वैरण लागतेच.

येथे आपण मूळ प्रश्नाशी येतो. गायीस, बैलास जागा आहे. घोड्यास ती नाही. मुंबईत १८३२ साली सरकारने मोकाट कुत्री मारण्याचा हुकूम काढला, तेव्हा पारशी आणि हिंदू रस्त्यावर उतरले, मोठी दंगल झाली, आणि त्यानंतर १८३४ मध्ये जमशेटजी जीजीभाई व अमीचंद शहा यांनी पांजरपोळ स्थापिला. तेव्हाची कल्पना विशाल होती: जे जे मुके जनावर निराधार, त्यास येथे आसरा. १८८३ मध्ये दिनशा माणकजी पेटिट यांनी आपल्या पत्नीच्या नावे परळास प्राण्यांचे रुग्णालय काढले, आणि तीन वर्षांनी त्याच आवारात पशुवैद्यक महाविद्यालय सुरू झाले. त्या काळी मुंबईच्या रस्त्यांवर घोडा हाच मुख्य कामकरी असल्यामुळे रोगीही तोच. पुढे पांजरपोळांची गोरक्षणे झाली. अकोल्यास तर गोरक्षण रोड म्हणून एक प्रसिद्ध रस्ताच आहे. २०१५ साली महाराष्ट्रात गोवंशाच्या हत्येस पूर्ण बंदी झाल्यावर गोशाळांची गरज आणि संख्या दोन्ही वाढली. हे वाईट झाले असे कोण म्हणेल? पण विराटनगरीत अज्ञातवासात दोघे भाऊ एकदमच राहिले होते. सहदेव तंतिपाल होऊन गायी राखीत होता आणि नकुल ग्रंथिक होऊन घोडे. आपल्या दयाबुद्धीने सहदेवाची परंपरा चालविली आणि नकुलाची मोडली. बैलास पोळा आहे, गायीस वसुबारस आहे. घोड्यास दसऱ्याची एक झेंडूची माळ, आणि तीही घोडा कामाचा असेपर्यंत.

घोड्यांचा आसरा काढणाऱ्यांत एका बाईंची हकीकत सांगितल्यावाचून पुढे जाववत नाही. १९३० साली डोरोथी ब्रुक नावाची एका इंग्रज सेनाधिकाऱ्याची पत्नी कैरोस गेली. पहिल्या महायुद्धात लढलेले घोडे युद्ध संपल्यावर ब्रिटिश लष्कराने मायदेशी न नेता तेथेच विकून टाकले होते. बारा वर्षांनंतर ते घोडे तिला दगड वाहताना, आंधळे, लंगडे, हाडांचे सापळे झालेले दिसले. तिने १९३१ मध्ये लंडनच्या एका वृत्तपत्रात पत्र लिहिले आणि लोकांनी पैसा पाठविला. तीन वर्षांत तिने असे पाच हजार घोडे विकत घेतले, आणि १९३४ मध्ये कैरोत घोड्यांसाठी रुग्णालय काढले. ती संस्था आज अनेक देशांत काम करते, आपल्या देशातही वीटभट्ट्यांवरील खेचरांच्या आणि घोड्यांच्या मालकांमध्ये तिचे काम आहे. परंतु त्या पाच हजारांतील बहुतेक घोड्यांस तिने काय दिले? चार दिवस हिरवा चारा, मऊ बिछायत, आणि मग वेदनारहित मरण.

हे वाचून आमच्या पुष्कळ वाचकांच्या अंगावर शहारा येईल. आमच्याही येतो. पांजरपोळाची आपली कल्पना अशी, की जीव घेणारे आपण कोण? तरीही मोडलेल्या पायावर, सडलेल्या खुरावर, उभेही राहता न येणाऱ्या घोड्यास महिनोन्‌महिने लोळत ठेवणे ही दया होय असे आम्हांस वाटत नाही. घोडा आडवा पडून राहू शकत नाही; त्याच्या वजनाने त्याचीच फुप्फुसे आणि स्नायू दबतात. १९२८ मध्ये साबरमतीच्या आश्रमात एक वासरू असह्य वेदनेत तळमळत होते. गांधीजींनी डॉक्टरकडून सुई टोचवून त्याचा अंत करविला, त्यावर देशभर केवढे काहूर माजले, आणि त्यांनी लेख लिहून आपल्या कृत्याचे समर्थन केले. अहिंसेचा त्यांच्याएवढा अभिमानी कोणी नव्हता. १९६० च्या कायद्यातही अशा असाध्य जनावरास सोडविण्याची तरतूद आहे. तथापि हा निर्णय पशुवैद्याचा असावा; जागा अडते किंवा चारा महागला म्हणून कोणी तो घेऊ लागला तर त्या आसऱ्याचा कसाईखाना होईल.

बरे, सगळेच घोडे असे असाध्य नसतात. पंधराव्या-सोळाव्या वर्षी कामावरून काढलेल्या घोड्यात अजून दहा वर्षांचे आयुष्य शिल्लक असते. त्यास काय लागते? सांगली-सोलापूरकडे 'ॲनिमल राहत' ही संस्था २००३ पासून कष्टकरी जनावरांत काम करीत आहे. साखर कारखान्यांच्या बैलांपासून टट्टे व गाढवांपर्यंत सर्वांस औषधपाणी देणे, मालकांस यंत्राचा पर्याय मिळवून देणे, आणि थकलेल्या जनावरांस आपल्या आवारात ठेवून घेणे, अशी तिची रीत आहे. मालकाचे पोट सुटे न ठेवता जनावर सोडवावयाचे, हा तिच्या कामातील आम्हांस सर्वांत पटलेला भाग. असा आसरा अकोटासारख्या गावी निघणे अशक्य आहे काय? आम्ही हिशेब करून पाहिला. एका घोड्यास वर्षास अडीच टन वैरण. पाच घोडे म्हणजे साडेबारा टन. म्हाताऱ्या घोड्याच्या दाढा झिजलेल्या असतात, त्यास अख्खा कडबा चावत नाही. त्याची कुट्टी करून, कोंडा भिजवून द्यावा लागतो. कडबाकुट्टीचे यंत्र आता खेडोपाडी आहे. विहीर असलेला एखादा एकर, त्यावर गवत, उन्हासाठी लिंबाची झाडे आणि पत्र्याऐवजी गवती छपराचा गोठा. नवा घोडा आला की आधी वेगळा ठेवून ग्लँडर्सची रक्ततपासणी करून घेणे अत्यावश्यक, कारण हा रोग माणसासही होतो आणि रोगी घोडा कायद्याने मारावाच लागतो. हे सारे एखाद्या चालू गोरक्षणाच्या एका कोपऱ्यात होऊ शकते. नवी संस्था, नवे अध्यक्ष आणि नवी पावतीपुस्तके काढण्याचे कारण नाही.

तोवर लग्नघरांनी काय करावे? आमच्या मते नवरदेव पायी गेला तर सर्वांत उत्तम; सीमांतपूजनाच्या मंडपापर्यंतचे अंतर बहुधा दोनशे पावलांचे असते. आजीबाईंचा घोड्यावाचून जीव राहत नसेल, तर वरात दिवेलागणीनंतर काढावी, आणि ज्या धाकट्या काकांकडे घोडा सांगण्याचे काम असेल त्यांनी घोडेवाल्याच्या घरी स्वतः जावे. घोड्याचे तोंड उघडून लगाम पाहावा. काटे असल्यास तेथेच सांगावे, "दादा, हा लगाम आमच्या दारी चालणार नाही." खोगीर काढावयास लावून पाठ पाहावी. त्याच तिथीची दुसरी वरात घेऊ नये म्हणून चार पैसे अधिक द्यावेत, आणि त्याची वाच्यता आहेराच्या हिशेबात करू नये. वाटेत फटाके नकोत, नाच नको. मांडवाच्या दारी पोहोचल्यावर जसे विहिणीचे पाय धुतात तशी घोड्यापुढे पाण्याची बादली ठेवावी. तो थबकेल, हुंगेल, मग पिईल. घाई करू नये. पोळी-बुंदी मुळीच देऊ नये. मूठभर भिजवलेले हरभरे पुरेत.

घोडेवाल्यांपैकी जे जुने आहेत त्यांस यातील प्रत्येक गोष्ट आमच्याहून अधिक कळते. अडचण त्यांच्या ज्ञानाची नाही. परवा एकाने स्पष्टच सांगितले, "बापू, तुम्ही संध्याकाळची वेळ द्या, मी काट्याचा लगाम विहिरीत टाकतो. दुपारचे तीन मुहूर्त तुम्हीच काढता, मी काय करू?" त्याची घोडी एकोणीस वर्षांची आहे. पुढल्या वैशाखात ती चालेल असे त्यास वाटत नाही, आणि सारंगखेड्याच्या बाजारात तिला कोणी घेणारही नाही. तिचे पुढे काय करावे हे त्याने आम्हांस विचारले आहे.